सावधान उभ्या माणसाचं माप

वाचणाऱ्याने आधीच मला माफ करावं. माझं शिक्षण चौथी. अक्षर कच्च्या टाक्यासारखं आहे, कुठे लांब, कुठे तोकडं, आणि ओळ कधी सरळ जात नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाहीत. जागा असली की दीर्घ देते, नसली की ऱ्हस्व. माझ्या एका अक्षराच्या चुकीने एका चांगल्या माणसाची नोकरी गेली आहे, ते पुढे येईलच. म्हणून ही माफी वरवरची समजू नये.

नणंदेची मुलगी कॉलेजात आहे. ती म्हणाली, मामी, तुमच्या दुकानात एवढे लोक येतात, आमच्या दिवाळी अंकाला काहीतरी लिहून द्या. मी नाही म्हटलं. मला चार माणसांत पाणी मागायचीही लाज वाटते, अंकात कुठे उभी राहू? पण तिने सांगितल्यापासून डोक्यात ते घोळायला लागलं. मग दुपारी गिऱ्हाईक नसताना मापाच्या वहीची मागची पानं घेतली आणि उलटं लिहायला लागले. पुढून मापं येतात, मागून मी येते. मध्ये गाठ पडली की थांबायचं. अंकाला देणार नाही.

आमचं दुकान विसरवाडीला, हायवेच्या फाट्याजवळ, बस थांबते तिथून हाकेवर. पाटीवर जेन्ट्स टेलर लिहिलं आहे आणि खाली ह्यांचं नाव. ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. मला लग्नापासून वीस वर्षं काज-बटणं, साडीचा फॉल आणि पिको एवढंच काम. पुरुषांच्या कपड्याचं माप मी कधी घेतलं नव्हतं आणि घ्यावं लागेल असं वाटलंही नव्हतं. मग ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मशीनवर बसता येई, कातर चालवता येई, पण उठबस बंद झाली. टेप माझ्या गळ्यात आली.

बाहेरच्याला सांगते, पँटचं माप म्हणजे काय. कंबर, सीट, मांडी, गुडघा, मोहरी म्हणजे पायाशी खालचा घेर, आणि लांबी. एवढे आकडे घेतले की मास्तर खडूने कापडावर रेघा मारतात. पण आकड्याबरहुकूम कापलं तर पँट अंगात जाणार नाही. शिवणीसाठी थोडं कापड जास्तीचं सोडावं लागतं, त्याला आमच्यात माया म्हणतात. माया किती सोडायची हे गिऱ्हाईक बघून ठरवायचं. जेवणारा माणूस असला तर जास्त. नवीन लग्न झालेला असला तर अजून जास्त.

मी गिऱ्हाइकाकडे बघतच नसे. माझी नजर टेपेच्या आकड्यावर. हात लागू नये म्हणून टेप दोन बोटांच्या चिमटीत धरायची, आकडा हळूच सांगायचा. इतका हळू की हे मशीनवरून तीनदा विचारायचे, काय, चौतीस का चोवीस? गावातली पोरं हसायची. कोणी मोबाइलवर बोलत इकडून तिकडे फिरायचं आणि मी टेप घेऊन मागे.

अशात फौजी यायला लागले, आणि मला वाटलं, देवाने गिऱ्हाईक असं पाठवावं.

रिटायर होऊन आलेले फौजी. आमच्या भागातल्या पाड्यांवरून, तापीकाठच्या गावांतूनही बरीच मुलं फौजेत जातात. चाळिशीच्या आत-बाहेर पेन्शन घेऊन परत येतात. मग नोकरी शोधतात. नवापूर, नंदुरबार, सुरत, जिथे मुलाखत असेल तिथली बस आमच्या फाट्यावरून. अंगावर घालायला मात्र काही नसतं. सतरा-अठरा वर्षं सरकारने कपडे दिलेले, लग्नातली पँट गुडघ्याच्या वर चढत नाही. कोणीतरी एकाने आमच्याकडे पँट शिवली, त्याला नोकरी लागली, त्याने दुसऱ्याला सांगितलं. आमच्या शिलाईत गुण आहे अशी बोलवा झाली.

फौजी मापाला उभा राहिला की खांबासारखा. टाचा जुळलेल्या, छाती पुढे, पोट आत, नजर समोरच्या कॅलेंडरवर. हलत नाही, बोलत नाही, हसत नाही. मी सगळी मापं एका दमात घ्यायची. मला ते फार आवडे. ती आवडच पुढे अंगाशी आली.

मुलाखतीत काय सांगायचं याची रंगीत तालीम ते दुकानातच करायचे. ट्रायलला आले की इस्त्री होईपर्यंत बाकावर बसायचे आणि मी काज करत असायची. गप्प बाई समोर असली की माणूस बोलतो. मी ऐकत गेले आणि मला कळलं की हे लोक बंदूक चालवायला घाबरत नाहीत, पण "फौजेत काय काम केलं" असं खुर्चीतल्या माणसाने विचारलं की घाबरतात. कोणी म्हणायचा, ड्युटी केली. बस. अठरा वर्षांचा हिशोब दोन शब्दांत. कोणी सगळंच सांगायचा, पहिल्या दिवसापासून.

सारंगखेड्याचा एक होता, बहिणीकडे इथे आला होता. तो फौजेत खेचरांवर होता. डोंगरात सामान वाहायची खेचरं सांभाळायची, हेच त्याचं काम. बँकेत गार्डच्या जागेसाठी गेला. साहेबांनी विचारलं, एखादं गिऱ्हाईक चिडून अंगावर आलं तर काय कराल? हा म्हणाला, मागच्या बाजूने जाणार नाही. कानाकडे बघत राहीन. हळू आवाजात बोलत बाजूने जवळ जाईन आणि आधी मानेवर हात ठेवीन. साहेबांनी बाहेरच्या रांगेकडे बघितलं. मग म्हणाले, आमच्याकडे असंच करावं लागतं. नोकरी लागली.

दुसरा एक होता, त्याला काहीही विचारा, उत्तर एकच. कुठे होता? "नहीं बता सकते." काय करत होता? "नहीं बता सकते." मी एकदा धीर करून विचारलं, चहा साखरेचा की बिनसाखरेचा, तर त्यालाही थोडा थांबला. एका सराफाच्या दुकानात तो गेला आणि हेच बोलला. सराफाला असाच माणूस हवा होता.

अशी माणसं. त्यामुळे मला वाटायचं, सगळ्यांचं आपोआप जमतं. मग शिमोनभाऊ आले.

शिमोनभाऊ जवळच्या डोंगरातल्या पाड्यावरचे, चर्चला जाणाऱ्या घरातले. हवालदार म्हणून रिटायर झालेले. घरी ते मावची बोलायचे, दुकानात फौजी हिंदीत मराठी मिसळून बोलायचे, आणि शुद्ध मराठी बोलायचं म्हटलं की त्यांना घाम यायचा. उंच, काळेसावळे, मिशी कातरलेली. मोठी मुलगी नर्सिंगला होती, तिची फी भरायची होती. पण नोकरी हवी असायचं खरं कारण त्यांनी एकदा सांगितलं. घरी बसून करमेना म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या भांड्यांवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकले होते आणि रोज सकाळी मोजायचे. सातव्या दिवशी चार नंबरचं पातेलं शेजारी गेलेलं निघालं आणि त्यांनी बायकोकडे लेखी मागितलं. बायकोने सांगितलं, एक तर नोकरी बघा, नाही तर परत फौजेत जा, या घरात दोघांना जागा नाही.

मापाला ते जसे उभे राहिले तसं मी कोणालाच बघितलं नाही. कॅलेंडरवरच्या देवालाही ते सलामी देतात असं वाटलं. कंबर बत्तीस. मी हळूच सांगितलं. ह्यांनी बत्तीस लिहिलं.

त्यांची पहिली मुलाखत एका मोठ्या गोदामाच्या कचेरीत होती, पहाऱ्याच्या मुख्य माणसाची जागा. राखाडी पँट, पांढरा शर्ट, असे ते आमच्या दुकानातूनच बसला गेले. बसमध्ये उभे राहून गेले, इस्त्री मोडू नये म्हणून. तिथे गेल्यावर त्यांना बसायला सांगितलं. बसायची जागा होती खोल सोफा. शिमोनभाऊ बसले आणि पोट, जे एवढा वेळ आत होतं, ते बाहेर आलं. मागची शिवण कंबरेपासून खालपर्यंत गेली. ते म्हणाले, आवाज असा झाला की मला वाटलं कोणीतरी सोफाच फाडला.

मग मोठे साहेब आत आले. सगळे उभे राहिले. शिमोनभाऊ उभे राहिले नाहीत. साहेबांनी हात पुढे केला, यांनी बसूनच सलाम ठोकला. मुलाखत संपली, जा म्हणाले, तरी शिमोनभाऊ बसलेलेच. शेवटी साहेब स्वतःच बाहेर गेले. जाताना कारकुनाला म्हणाले, ते यांनी ऐकलं, की फौजी म्हणून बोलावलं आणि याला साहेब आल्यावर उठायचंही कळत नाही, असला बेशिस्त माणूस पहाऱ्यावर काय ठेवायचा.

चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कोणी बेशिस्त म्हटलं नव्हतं. संध्याकाळी ते पाठीमागे वर्तमानपत्र धरून दुकानात आले, ते बाकावर ठेवलं, आणि एवढंच म्हणाले, "ताई, थोडी मरम्मत है."

मी टेपेकडे बघत राहिले. काय झालं ते मला कळलं होतं. श्वास रोखलेल्या माणसाचं माप मी घेतलं होतं. तीच कंबर श्वास सोडल्यावर चौतीस.

ह्यांना काही ते पटलं नाही. मास्तरांच्या कातरीला बोल लावलेला त्यांना चालत नाही. घरी आम्ही अहिराणी बोलतो, ती मला लिहिता येत नाही, पण ह्यांचं बोलणं तसंच लिहिते. हे म्हणाले, "मानूस उभा व्हता, माप उभा मानूसनं शे. बसाना पैसा येगळा."

शिमोनभाऊही म्हणाले की चूक त्यांचीच, शिंप्यासमोर पोट आत घ्यायला कोणी ऑर्डर दिली नव्हती. आणि मग त्यांनी मला समजावून सांगितलं की फौजेत तीन हुकूम असतात. सावधान आणि विश्राम हे शाळेतही असतात, मला माहीत होते. तिसरा शाळेत नसतो. तो "आराम से". विश्राममध्ये पाय मोकळे होतात पण अंग ताठच राहतं. आराम से म्हटल्यावरच अंग सैल सोडायचं. "वो तीसरा कोई बोला नहीं, तो हम वैसे ही खड़े रहे."

मी पँट उसवायला घेतली. पण मनात ठरवलं की पँटचं कापड, शिलाई आणि त्यांचं गाडीभाडं, सगळं परत करायचं. एक हजार नव्वद होत होते. ह्यांच्या गल्ल्याला हात लावायचा नाही, फॉल-पिकोचे पैसे माझे स्वतःचे असतात, त्यातून द्यायचं. पुढच्या वेळी ते आले तेव्हा दोनशे रुपये घडी करून इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात टाकले. ते बसस्टँडवरून परत आले. म्हणाले, ताई, खिशात दोनशे जास्त निघाले, कोणाचे आहेत? तेव्हा मला सांगावंच लागलं. घ्यायला तयार होईनात. मी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, मग मी उद्यापासून माप घेणार नाही. एवढं लांब वाक्य मी परक्या माणसाशी पहिल्यांदा बोलले असेन.

ते म्हणाले ठीक आहे, पण "बिना एंट्री के कुछ नहीं". मापाच्या वहीत एक पान आखायला लावलं. तारीख, जमा, बाकी, सही. प्रत्येक वेळी स्वतः मोजायचे, मला मोजायला लावायचे, मग सही. शंभर रुपये द्यायचे असले तरी दहा मिनिटं लागायची. मी विचारलं, हे सगळं कुठे शिकलात? म्हणाले, "कोत में. छह साल."

मला वाटलं बिचाऱ्याचं मराठी कच्चं आहे. मी म्हटलं, भाऊ, कोत नाही, कोट म्हणतात. शेवटी ट आहे. त्यांनी खिशातून डायरी काढली आणि लिहून घेतलं. फौजी माणूस सांगितलेलं लिहून घेतो आणि मग त्यावर शंका घेत नाही. आणि मी चौथी पास असले तरी मराठी माझं, असं त्यांना वाटलं असणार.

पुढच्या महिन्यात नंदुरबारकडच्या एका खाजगी शाळेत स्टोअर सांभाळायची जागा निघाली. त्या शाळेची मुलं थंडीत निळा कोट घालतात हे मला माहीत होतं, आमच्याकडे एक-दोन दुरुस्तीला आले होते. मला फार आनंद झाला. मी म्हटलं, भाऊ, ही जागा तुमच्यासाठीच आहे. दुसरं काही सांगू नका. सहा वर्षं कोट सांभाळले एवढं सांगा. ती पँट आम्ही जोड घालून बसण्याजोगी केली होती, तीच घालून ते गेले. आणि तिथे जे झालं ते त्यांनी परत आल्यावर जसं सांगितलं तसं लिहिते.

मुख्याध्यापिका बाई खूश झाल्या. फौजेतले कोट, म्हणजे चांगलाच अनुभव. किती कोट होते? एकशे वीस. बाईंनी मान हलवली. धुवायला कुठे देत होता? धुवायचे नाहीत मॅडम, पाणी लागलं तर गंज चढतो. मग स्वच्छ कसे ठेवायचे? आतून दोरी ओढायची आणि तेल लावायचं. रोज? वापरले तर रोज, नाही तर आठवड्याला, सगळे खोलून. बाईंनी पेन खाली ठेवलं. आणि देताना-घेताना? नंबर बघून सही घ्यायची मॅडम, आणि आधी तोंड आभाळाकडे करून आत कोणी काही विसरलं नाही ना, ते बघायचं.

बाई म्हणाल्या, आम्ही कळवू.

हे सगळं ते सांगत होते तेव्हा मशीन चालू होतं. ते बंद झालं. हे चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले, "कोटले तेल कोन लावस?"

शिमोनभाऊंनी दोन्ही हात पुढे धरले, एक कोपरात वाकवून खांद्याशी, दुसरा लांब, आणि एक डोळा मिटला. आमचे हे, ज्यांना गुडघ्यामुळे उठता येत नाही, ते उठले. "आरे बाप, बंदुका शेतस का त्या?"

कोत म्हणजे हत्यारांची कोठी. आमच्याशिवाय हे सगळ्या फौजेला माहीत होतं. एकशे वीस रायफली सहा वर्षं त्या माणसाच्या ताब्यात होत्या, आणि मी त्या शाळेच्या खुंटीला टांगून आले.

हे हसले. शिमोनभाऊही हसले, पण थोडंच. त्यांनी डायरी काढून त्यातला ट खोडला. दुसरी मुलाखत गेली होती आणि दोन्ही वेळा कारण मीच. मी त्या रात्री नीट जेवले नाही. दुसऱ्या दिवशी वहीतल्या पानावर नंदुरबारचं गाडीभाडं एकशे वीस वाढवून लिहिलं, म्हणजे बाराशे दहा झाले.

तिसरी जागा नवापूरकडे होती. कोंबडीची पिलं काढायची हॅचरी, तिथे स्टोअर आणि गेट दोन्ही सांभाळायला माणूस हवा होता. शेठ म्हणाले, आधी फोनवर बोलू, पसंत पडलं तर बोलावतो. शिमोनभाऊंच्या पाड्यावर रेंज येत नाही. त्यांनी विचारलं, दुकानात बसून बोललो तर चालेल का? मी मान हलवली.

त्याआधी तीन-चार दुपारी आम्ही तयारी केली. म्हणजे मी काज करत होते आणि ते बोलत होते, पण या वेळी मी मध्ये थांबवत होते. कोत म्हणायचं नाही. कोट तर नाहीच. रायफलही एकदम म्हणायचं नाही, पिलांचा धंदा करणारा माणूस घाबरेल. मी म्हटलं, भाऊ, हे आमच्या दुकानासारखं सांगा. कातऱ्या पाच, दिल्या किती, आल्या किती, कोणी नेली, सही कोणाची. त्यांनी खरंच कातऱ्या मोजल्या, रिळं मोजली, आणि मास्तरांच्या खिशातून माझी हरवलेली अंगठी-टोपी काढून दिली, सुई बोचू नये म्हणून आम्ही बोटात घालतो ती. मग त्यांनी वाक्य बसवलं. एकशे वीस वस्तू, प्रत्येकीला नंबर, सकाळी देताना मोजायच्या, संध्याकाळी घेताना मोजायच्या, सहा वर्षांत हिशोब कधी चुकला नाही. मला ते फार चांगलं वाटलं.

फोन अकराला येणार होता. साडेदहापासून ते बाकावर बसले होते. फोन मी कापायच्या टेबलावर ठेवला, स्पीकर लावून, कारण हायवेच्या ट्रकांत ऐकू येत नाही. फोन वाजला आणि शिमोनभाऊ उठून उभे राहिले. टाचा जुळल्या, छाती पुढे, पोट आत. टेबलावरच्या फोनसमोर.

"जय हिंद सर," ते ओरडले. बाहेर टपरीवरचे दोघे वळून बघायला लागले.

शेठचा आवाज गुजरातीच्या वळणाचा होता. "हळू बोला भाई, मला ऐकू येतं. फौजेत काय काम केलंत?"

"ड्युटी की, सर."

"कसली ड्युटी?"

"जो मिली, सर."

"काही सांभाळलं का? माल, हिशोब?"

"यस सर."

"काय?"

"सब कुछ, सर."

पलीकडे शेठने कोणाला तरी थांबायला सांगितलं. मग म्हणाले की तुम्ही हो-सर सोडून काही बोलणार असाल तर बोला, मला दुसरा फोन येतो आहे.

मी सुई हातात धरून बघत होते. पहिल्यांदाच मी कोणा गिऱ्हाइकाकडे नीट बघितलं असेन. गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. कंबरेला पट्टा सैल पडलेला, कारण पोट आत. बत्तीस. चार दुपारी बसवलेलं वाक्य आत होतं, पण या कंबरेतून ते बाहेर येणार नाही, हे मला दिसत होतं. आणि त्यांना कोणी ऑर्डर दिल्याशिवाय ते सैल होणार नाहीत, हेही. हे मशीनवरून माझ्याकडे बघत होते. टपरीवरचे दोघे बघत होते. फोनवरचा शेठ ऐकत होता.

मी म्हटलं, "विश्राम."

आवाज फुटला नाही नीट, पण त्यांचे पाय बाजूला झाले आणि हात मागे गेले. मान तशीच. मग मी मोठ्याने म्हटलं, "आराम से."

त्यांचा श्वास सुटला. खांदे खाली आले, पोट पुढे आलं, पट्टा भरला. ते बाकावर बसले आणि टेबलावरचा फोन जवळ ओढला.

शेठने विचारलं, बाई कोण? शिमोनभाऊ साध्या आवाजात म्हणाले, "आमच्या ताई आहेत." आणि मग बोलायला लागले. एकशे वीस वस्तू, प्रत्येकीला नंबर. कुठल्या वस्तू, असं शेठने विचारलं, तर त्यांनी सरळ रायफली सांगितलं आणि शेठ मुळीच घाबरले नाहीत. उलट, कुलूप कसलं होतं ते विचारलं. मग म्हणाले, "कधी कमी भरलं का? खरं सांगा."

याचं उत्तर आम्ही बसवलेलं होतं. कधी नाही. मी वाट बघत होते. शिमोनभाऊ फोनवर वाकले.

"एकदा भरलं, शेठ."

माझ्या हातातली सुई पडली. गेली तिसरी, मला वाटलं.

ते सांगत गेले. नळी साफ करायची एक दोरी असते, जाडीला करंगळीएवढीही नाही. ती एक कमी भरली. साहेबांनी सगळ्या कंपनीला उन्हात उभं केलं, दोन तास. पेट्या उघडल्या, गाद्या झटकल्या. सापडेना. मग यांनी घाम पुसायला रुमाल काढला, तर रुमालाबरोबर दोरी. यांच्याच खिशात. सकाळी साफ करताना ठेवली होती.

"मग? गुपचूप ठेवून दिली?"

"नाही. रिपोर्टमध्ये माझं नाव लिहिलं."

"कोणी पाहिलं होतं का खिशात?"

"नाही."

"शिक्षा झाली?"

"सात दिवस. आणि कंपनीने महिनाभर रुमाल मागितला."

शेठ इतके हसले की फोन टेबलावर थरथरला. मग म्हणाले, "माझ्याकडे रोज ट्रेमधली अंडी कमी भरतात, आणि कोणाच्याच खिशात सापडत नाहीत. सोमवारी या. येताना रजिस्टर कसं आखायचं ते डोक्यात घेऊन या."

फोन बंद झाल्यावर शिमोनभाऊ बराच वेळ बाकावर बसून होते. मी चहा मागवला. मग त्यांच्या नवीन पँटचं माप घेतलं, या वेळी चहा पोटात गेल्यावर, बाकावर बसलेलं असताना एक आणि उठल्यावर एक. बसून चौतीस. ह्यांना मी आकडा मोठ्याने सांगितला आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र सलते. त्यांच्याआधी असे किती फौजी माझ्यासमोर श्वास रोखून उभे राहिले आणि मी मान खाली घालून आकडा सांगितला, त्यांच्या शिवणी कुठे उसवल्या, त्यांनी मला कधी सांगितलं नाही. नंतर मी फौजी आला की आधी पाणी देते आणि "आराम से" म्हणते. काही जण दचकतात. एकाने विचारलं, भाभीजी, कौन सी यूनिट?

शिमोनभाऊ हॅचरीत रुळले. पहिल्या महिन्यातच त्यांनी कोंबड्यांच्या पिंजऱ्यांवर नंबर टाकले असं ऐकलं. घरच्या भांड्यांवरचे मात्र बायकोने घासून काढले.

माझ्या वहीतल्या पानावर तोवर नऊशे दहा दिले होते, तीनशे बाकी होते. नोकरी लागल्यावर त्यांनी सांगितलं, आता राहू द्या ताई, आता मला पगार आहे. मी म्हटलं, पान आखायला तुम्हीच लावलंत.  पण लग्नसराई सरली होती, फॉल-पिको थंडावलं होतं, माझ्याकडे शंभरच जमले होते.

त्या दिवशी ते पगार घेऊन थेट दुकानात आले होते, नवीन पँट न्यायला. मी शंभराची नोट काढली. मशीन थांबलं. ह्यांना हे पान माहीत नाही असं मी इतके दिवस समजत होते. पण पान मापाच्या वहीत, आणि मापाची वही सगळ्यात जास्त कोण उघडतं? ह्यांनी गल्ला उघडला, त्यातून दोनशे काढले आणि माझ्या शंभरावर ठेवले. माझ्याकडे न बघता, कातरीकडे बघत म्हणाले, "माप तू लिधं, पन कातर मन्ही व्हती."

शिमोनभाऊंनी तीनशे मोजले. मला मोजायला लावले. मग ह्यांनाही मोजायला लावले. तारीख टाकली, जमाच्या खाली तीनशे, बाकीच्या खाली शून्य, आणि सही केली, हवालदार पुढे लावून. ह्यांना म्हणाले, मास्तर, गवाह. ह्यांनीही सही केली. मग शिमोनभाऊंनी पट्टीने खाली दोन रेघा मारल्या आणि पैसे मोजून खिशात ठेवले. बाराशे दहा, पूर्ण.